रिकामी बरणी

शेटिकँप, १२ सप्टेंबर

चि. जोझेट हिला मावशीचे पोटभर आशीर्वाद.

काकवीची बिस्किटं पाठवली आहेत. पोस्टातली इमेल्दा म्हणाली, एवढी चिकटपट्टी? पोरीला करवत लागेल! मी म्हटलं, लागू दे. समुद्राची हवा शिरली की बिस्किटं सादळतात. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा तू पत्रच लिही. मैत्रिणी झाल्या का? तुझी आई गेल्यापासून तू माझ्या शेजारी बसून जेवलीस. आता तिथे एकटी जेवत असशील असं मनात आलं की मीही ताट अर्धंच सोडते गं.

लोभ आहेच, तो पत्रातून कळव.
तुझी लेओनीमावशी

विद्यार्थी वसतिगृह, २७ सप्टेंबर

ती. लेओनीमावशीला जोझेटचा शि. सा. न. वि. वि.

बिस्किटं मिळाली. पण मावशी, आता खाऊ पाठवू नकोस. मी इथल्या पर्यावरण गटात नाव घातलंय. प्रत्येकाला जॅमची एक बरणी दिली आहे. परवापासून नोव्हेंबर संपेपर्यंत न कुजणारा आपला सगळा कचरा तिच्यात टाकायचा. बरण्या खानावळीत नावानिशी ओळीने मांडणार. ज्याची सर्वांत रिकामी, तो जिंकला. आमची म्होरकी टॅमसिन तुझं चिकटपट्टीने मढवलेलं खोकं बघून म्हणाली, ह्या एकानेच बरणी भरली असती! सगळे हसले. मैत्रिणी पुष्कळ आहेत. काळजी नको.

लोभ असाच राहू दे.
तुझी जोझेट

शेटिकँप, १३ ऑक्टोबर

चि. जोझेटला आशीर्वाद.

तुझं पटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ओदेत सांगायच्या, टाकलेल्या दोऱ्याबद्दलही देव विचारतो. तू त्यांचीच चेली शोभतेस. चिकटपट्टी खणात ठेवून दिली. परवा थँक्सगिव्हिंगला, सुगीच्या सणाला, सवयीने दोन ताटं मांडली, मग एक उचलून ठेवलं. बिस्किटंही हाताने आपोआप केली. फादरना दिली, म्हणतात, दाढ हलली. इमेल्दा विचारते, भाची रुसली का? मी म्हटलं, ती पृथ्वी वाचवतेय, तिला कुठली सवड! हा लिफाफा तुझाच उलटा करून चिकटवलाय. चालेल ना?

तुझ्या बरणीला माझी दृष्ट न लागो.
मावशी

विद्यार्थी वसतिगृह, १ डिसेंबर

ती. मावशीला शि. सा. न. वि. वि.

मी जिंकले. माझ्या बरणीत सफरचंदावरचं एक स्टिकर आणि एक तुटकं बटण, एवढंच. टॅमसिनने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाली, कसं जमवलंस ते सांग. मी तिच्याच बरणीकडे बघत होते. तिच्या बरणीत वाढदिवसाचे फुटके फुगे होते, आईने पाठवलेल्या चॉकलेटचे चकचकीत कागद होते. शेजारच्या खोलीतला ड्यूई मागून म्हणाला, हिला कोणी काही पाठवतच नसेल! चेष्टाच होती. पुन्हा सगळे हसले, मीही हसले.

मावशी, मैत्रिणींचं मी खोटं लिहिलं होतं. बैठक संपली की सगळे आपापल्या घोळक्यात जातात. शनिवारी मी नुसती बरणी पुसत बसते. परीक्षा न देताच निघून यावंसं वाटतंय. येऊ?

तुझीच
जोझेट

शेटिकँप, ६ डिसेंबर

चि. जोझेट हिला मावशीचे पुन्हा पुन्हा आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. ये, पण परीक्षा देऊन ये. ताटं दोनच मांडीन.

सोबत बिस्किटं आहेत. काकांच्या जुन्या सदऱ्यात बांधून त्यांच्या मासळीच्या जाळ्याच्या दोरीने गाठ मारली आहे. नाताळला दोन्ही परत घेऊन ये. ह्यांची आठवण आहे ती. एकटीने खाऊ नकोस. त्या ड्यूईच्या दारावर थाप मार. दाढ हलली तर म्हणावं, फादरना विचार.

चिकटपट्टी एकच लावली आहे, तीही गरज नसताना. इमेल्दा म्हणाली, ही कशाला? ती सोडव आणि बरणीत टाक. कोणी विचारलं तर सांग, माझ्या मावशीने पाठवली.

तुझी वाट पाहणारी
लेओनीमावशी