कैच्या चढल्या, सॉसेज काढा

३ मार्च, सोमवार
आजपासून शाळेत माझा वर्ग: खेळातल्या विटांनी बांधकाम. आमच्या डेन्मार्कात, जटलंडमध्ये, पोरं चालायच्या आधी विटा जोडतात, पण शास्त्र कोणी शिकवत नाही. मुख्याध्यापिका बोडिल म्हणाली, शुक्रवारी पालकांसमोर बघू आणि मग कायमचं ठरवू. त्यात ठरवायचं काय? चाळीस वर्षं आर्किटेक्ट होतो. निवृत्तीनंतर घर खायला उठतं. हा वर्ग मला हवाच आहे.

संकल्प: आवाज चढवायचा नाही.

सांधेमोड शिकवली. वरच्या विटेने खालच्या दोन विटांमधला सांधा झाकायचा. नऊ वर्षांची आस्टा म्हणाली, कशाला रे थॉरकिल? (इथे पोरं शिक्षकालाही नावानेच हाक मारतात.) म्हटलं, मग भिंत कोणाच्या बापाच्यानं हलत नाही. तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या विगोने तिची भिंत लाथेने पाडली. ती त्याला कडकडून चावली. गोडी लागतेय.

४ मार्च
कमान. मधली वीट बसेपर्यंत आधार काढू नका, असं बजावलं. काढला. कोणी काढला यावरून विगोच्या कपाळाला टेंगूळ, आस्टाच्या केसांचा झुपका जमिनीवर. सोडवायला धावलो, मोजे घालून. विटेवर पाय पडला. आवाज एकदाच चढला. त्यातले शब्द मुलांनी लगेच पाठ केले. स्मरणशक्ती उत्तम.

५ मार्च
दोन टोळ्या. विटांचा तुफान मारा. माझा चष्मा फुटला. बोडिलला सांगितलं, गटकार्य चालू आहे.

६ मार्च, दुपारी
कंबरेएवढं घर उभं! छपराच्या कैच्यासुद्धा, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, चढल्या. विगोने वर पानांचं कडं आणि झेंडा टांगला. मग सगळी पोरं हाताची घडी घालून उभी. आस्टा म्हणाली, कैच्या चढल्या, आता घराच्या मालकाने कामगारांना सॉसेज खिलवायचं, अशी रीत आहे. तिचा बाबा सुतार आहे. मालक विसरला तर तो हातोडा खाली ठेवतो म्हणे. मी म्हटलं, हे काय खरं घर आहे? भूक लागली होती, म्हणून डब्यातलं माझं सॉसेज तिथेच बसून खाल्लं. एकदम चिडीचूप. शिस्त लागली.

७ मार्च, सकाळी
सामानाच्या खोलीत विटा आणायला गेलो. रंग निवडण्यात बराच वेळ गेला. वळतो तर दारात भिंत! गळ्यापर्यंत, दुहेरी जाडीची. लाथा घातल्या, खांदा मारला. पलीकडून विटांचा पाऊस. ओठ फुटला. भिंत तसूभर हलली नाही. सांधेमोड इतकी अचूक, की ऊर भरून आला.

७ मार्च, संध्याकाळी
पालक आले तेव्हा मी भिंतीवरून मुंडकं काढून व्याख्यान देत होतो. रक्तामुळे थोडं अस्पष्ट. बोडिलने सॉसेज मागवलं, तेव्हा कुठे पोरांनी भिंत उतरवली. पालक भिंतीवर खूश. मग बोडिलने पोरांनाच विचारलं. वर्ग हवा? सगळे हात वर. थॉरकिल हवा? एक हात वर. माझा.

वर्ग कायमचा झाला. सोमवारपासून आस्टा आणि विगो शिकवणार. फार वाईट वाटलं. आस्टाला गाठून विचारलं, मी नुसता येऊन बसू का? तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, शिकायची इच्छा असेल तर ये.

हो म्हटलं.