वळणावरचा डबा

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझा फोन बंद आणि तुमच्या खोलगट गल्लीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून पत्र. पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं गेलं. ते फाडलं, दुसरं घेतलं.

भावोजींना जाऊन सोळा दिवस झाले. मी कामावर जातो, जेवतो, झोपतोही. आत काही हलत नाही.

आमच्या टेलिफोन कंपनीने पुन्हा विचारलंय, तुमच्या भागातली तांब्याची तार काढून घराघरापर्यंत फायबर न्यावी का. टिपण मला लिहायचंय. एक विचारतो, नको वाटलं तर सोडून दे. त्या सकाळपर्यंत फोन किती दिवस बंद होता? तीस वर्षं तिथल्या तारा भावोजींनी जोडल्या आणि त्यांच्याच घरचा फोन मुका, हे मला कागदावर मांडता येत नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा ‘र’ अजून मासे धरायच्या गळासारखाच आहे. शाळेत त्यावरून मार खाल्लास, सुधारला मात्र नाहीस.

फोन नऊ दिवस बंद होता. वळणावरच्या तारांच्या डब्यात पाणी शिरलं, पावसाचं असो की फुटक्या नळाचं, की सगळी गल्ली बंद पडते. निवृत्त झाल्यावरही हे स्वतःच पक्कड घेऊन जायचे. या वेळी गुडघा धरला होता. म्हणाले, सोमवारी बघतो. रविवारी सकाळी बूट घालता घालता खुर्चीतच वाकले. मी फोन उचलला, त्यात काहीच आवाज नव्हता. शेजारी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकडे धावले, त्यांचाही बंद. मोठ्या रस्त्यापर्यंत गेले तेव्हा कुठे मोबाइल लागला. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडं आधी कळायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

टिपणात आणखी घाल. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना एक एक्स-रे पाठवायला अर्धा दिवस लागतो, तोही अर्धाच पोचतो. बाइंडरची मुलगी घरून नकाशे काढायची, ते या तारेवरून जाईनात, म्हणून शहरात गेली. तिच्यामागून आणखी तीन घरांना कुलपं लागली. तुमची कंपनी म्हणते म्हणे, इथून मागणी नाही. निघून गेलेली माणसं मागणी कशी करणार?

तब्येतीला जप.

तुझी ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे समोर बसून सांगायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी तुमचा भाग वगळला, तो तक्ता माझा. खाली सही माझी. एका बाजूला खोदाईचा खर्च धरला, दुसऱ्या बाजूला आजचे ग्राहक. दुरुस्त्या दुसऱ्या खात्यात मोडतात, म्हणून त्या धरल्याच नाहीत.

आता लिहिलंय की तांब्याची तार दर पावसाळ्यात उकरावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, ओलाव्याने तो असा मुका होत नाही. एकदा पुरला की कित्येक वर्षं तोच पुरतो. वेग वाढवायचा तर दोन टोकांची यंत्रं तेवढी बदलायची. आज आपण नेला नाही तर उद्या दुसरी कंपनी नेईल, आणि गेलेला ग्राहक परत येत नाही. ताई, यातलं एकही वाक्य नवीन नाही. तेव्हाही मला हे सगळं माहीत होतं.

सत्तावीस तारखेला संचालकांची बैठक आहे. भावोजींबद्दल एक ओळही लिहिली नाही. मला तो हक्क नाही. तू रागाव माझ्यावर. काहीतरी कर.

तुझा धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मला माहीत होतं. यांनाही. ऑफिसच्या फळ्यावर तो निर्णय लागला तेव्हा तुझी सही यांनी लगेच ओळखली. मी म्हटलं, फोन करून चांगला खडसावा त्याला. हे म्हणाले, त्याच्यासमोर जे आकडे ठेवले त्यावर त्याने काम केलं, डबे उघडणाऱ्यांना कुणी विचारतं का? त्या दिवसापासून वही भरायला घेतली. कुठला जोड, कितव्यांदा गेला, कशाने गेला, किती घरं बंद पडली. गेल्या वर्षी तू रजेवर आलास तेव्हा तुला देणार होते. पण तू पत्त्यांत हरत होतास आणि हसत होतास, म्हणून म्हणाले, राहू दे.

वही सोबत आहे. शेवटच्या पानावर वळणावरचा डबा आहे, पुढे ‘सोमवारी’ एवढंच.

रागावणं मला जमत नाही. रडणंही नाही. दूध उतू जातं आणि मी नुसती बघत उभी राहते. यांचं नाव घ्यायचं असेल तर घे. माझ्यासाठी नको, गल्लीसाठी घे.

तुझी ताई

ता. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बैठकीत टिपण बाजूला ठेवलं आणि वहीच वाचली. सहाव्या पानावर एका संचालकांनी थांबवलं, विचारलं, हे अक्षर कुणाचं? म्हटलं, तारा जोडणाऱ्या आपल्याच जॉइंटरचं, माझ्या भावोजींचं. मग त्या रविवारचं सांगितलं, माझ्या सहीचंही सांगितलं.

तुमचा भाग मंजूर झाला. तसेच आणखी अकरा भाग आहेत, त्यांचं बघू म्हणाले. मी पिच्छा सोडणार नाही. सगळ्यांनी हात मिळवले. हात माझा नव्हताच जणू.

मे महिन्यात खोदाई सुरू होईल. देखरेखीला मी यावं म्हणतो. तुझ्याकडे राहू का? विचारायला धीर होत नव्हता, म्हणून शेवटी विचारलं.

तुझा धाकटा

ता. १२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला. लिहायला बसायचे आणि कागद तसाच राहायचा.

काम सुरू झालंय. तंतू जोडणारी एक बाई आहे, गाडीत बसून केसाएवढी काच सांधते. काल पाणी मागायला आली. म्हणाली, जुने जोड काढून टाकतोय, पण इतकी नेटकी गुंडाळी मी कुठे पाहिली नाही, जिवावर येतं, कुणाच्या हातचे आहेत? मी म्हटलं, आमच्या यांच्या. एवढंच म्हणाले. पायरीवर बसले आणि रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि चांगली मोठ्याने. ती शेजारी बसून राहिली. तिचा तासभर मोडला, तो मात्र तुझ्या तक्त्यात धरू नकोस.

ये. आधी दोन दिवस माझ्यापाशी नुसता बस, मग काय ती देखरेख कर.

तुझी ताई