दोन दुधाचे दात आणि एक सही

मी, वय चव्वेचाळीस, अविवाहित, छापखान्यात मुद्रितशोधक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. तब्येत ठीक आहे, घाई कसलीच नाही. पण चुका वेळेत दुरुस्त कराव्यात ही धंद्याची सवय.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक आईला. ती माझ्याआधी गेली तर दादाला.

२. माझं भिंग छापखान्याच्या साहेबांना. मी त्यांचं वाक्य दुरुस्त केलं तेव्हा ते गरजले होते, "अजून दुधाचे दात पडले नाहीत, आणि मला शिकवतेस?" मी म्हटलं, "खरंच नाही पडले, साहेब. दोन आहेत. दाखवू?" तेव्हापासून त्यांचा मजकूर आधी माझ्याकडे येतो. राग नाही. फारसा नाही, असं लिहिणं जास्त खरं.

३. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरांना काहीही नाही. माझे बारीक, डागाळलेले दात पाहून ते सगळ्यांदेखत आईला म्हणाले, "लाड आवरा, बाई. गोळ्या-चॉकलेटं बंद." आईने त्या दिवशी साखरेचा डबासुद्धा माळ्यावर टाकला.

४. जबड्याचा एक्स-रे दंतवैद्यक कॉलेजला, शिकवायला. तो पाहून आमच्या दंतवैद्यबाईंनी विचारलं, "या दोन दुधाच्या दातांखाली पक्के दात तयारच झाले नाहीत. बाकीच्यांची मुळं आखूड. लहानपणी मोठं आजारपण?"

"तिसऱ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर," आई म्हणाली. "पण दात साखरेनेच बिघडले ना?"

"मग हे त्या औषधांमुळे," बाई म्हणाल्या. "साखरेमुळे नाही, आई."

मला वाटलं, सुटली बिचारी. जिना उतरताना ती पुटपुटली, "त्या औषधांच्या संमतीच्या कागदावर सही मीच केली होती गं."

५. म्हणून ते दोन दुधाचे दात आईला. माझ्या हयातीतच पडले तर मीच हातात आणून देईन आणि हे कलम रद्द समजावं. आई, आखूड मुळांवर का होईना, मी इतकी वर्षं चावून खाल्लं, खदाखदा हसले, तुझ्याशी दात-ओठ खाऊन भांडले. हे सगळं त्या कागदानंतरचं आहे.

६. आईला साक्षीदार केलेलं नाही. वकील म्हणाले, जिला मिळतं तिने सही करू नये. ठीकच आहे. माझ्यासाठी तिने केलेली एक सही अजून पुरते आहे.

ठिकाण : राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : ४ मार्च २०२४
(सही) लिहून ठेवणार, आईची धाकटी

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
(सही) दंतवैद्यबाई
(सही) शेजारच्या शिवणकामवाल्या काकू