मार्गारेटबाईंचा डबा

२ एप्रिल २०१४, बुध.
दारात पुन्हा फिजोआ. शेजारच्या मार्गारेटबाई आपल्या झाडाची ही पेरूसारखी फळं आइस्क्रीमच्या डब्यात भरून ठेवून जातात. मेधा खूश. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही माझ्या बायकोला माहेरची शिकवण, त्यामुळे इकडून लाडू जातात. मला एवढा गोडवा पचत नाही. बाई अँग्लिकन चर्चच्या. दर बुधवारी आमच्या लेकीच्या, रुईच्या वर्गात बायबल शिकवतात. फुकट!

९ एप्रिल
ऑफिसात विचारलं, शाळेत बायबल कसं चालतं? शाळा सरकारी, म्हणजे सेक्युलर. म्हणून त्या अर्ध्या तासापुरती कायद्याने 'बंद' धरतात. मुलं वर्गात, शाळा बंद! आपल्याकडच्या बाबूंनाही सुचलं नसतं.

२५ एप्रिल, अँझॅक डे
पहाटे पापाकुराला, युद्धस्मारकापाशी, इथल्या शहीद सैनिकांच्या स्मरणाला. तिथेही पाद्री. पार्लमेंटही प्रार्थनेने सुरू. आणि आता माझी सहा वर्षांची पोर. मेधा म्हणते, "तुला सगळीकडे काळंबेरं दिसतं." दिसतं खरं. पण आज फिजोआ, उद्या...

७ मे
रुईला म्हटलं, मारुतीची गोष्ट सांगू? "बाबा, मार्गारेट्स आर हीप्स बेटर." डोकंच फिरलं. शाळेला कळवून टाकलं, आमची मुलगी त्या तासाला बसणार नाही.

१४ मे
तासभर नाही, अर्धाच तास, पण पोर कॉरिडॉरमधल्या बाकावर एकटी. घरी येऊन विचारते, "व्हॉट डिड आय डू, बाबा?" जेवण गेलं नाही.

२१ मे
रुई हसत आली. वर्ग दुसऱ्या कुणावर सोपवून मा.बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या होत्या.
काय बोलल्या?
"नथिंग. वी जस्ट सॅट."
नथिंग? चर्चची बाई, अर्धा तास, नुसती बसली? शक्यच नाही.

२४ मे
कुंपणापाशी गाठून सांगितलं, कृपा करून तिच्याजवळ बसू नका. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आय डिडन्ट वॉन्ट हर टु थिंक शी वॉज इन ट्रबल." वर सॉरीही म्हणाल्या. मी सॉरी म्हटलं नाही. का नाही म्हटलं?

८ जून, रवि.
दारात काही नाही. पलीकडे झाडाखाली फिजोआ सडताहेत, म्हणजे हंगाम संपलेला नाही. रुई पुन्हा एकटी बसते. आता विचारतही नाही, त्याचंच जास्त लागतं.
बाईंचा डबा आमच्याकडेच राहिलाय. मेधाने सकाळी त्यात बेसनाचे लाडू भरून माझ्यासमोर आदळला. "आता तूच नेऊन दे."
दोनदा फाटकापर्यंत गेलो. लाडवांमागे काय आहे, असा संशय त्यांना आला तर? डबा अजून टेबलावर आहे.