एक नंबरच्या बससाठी एकशे नव्व्याण्णव अंडी

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी लिहायची. या सीझनला जे काही घडणार आहे त्याची तारीखवार नोंद कुठेतरी असलेली बरी.

थायलंडच्या लाएम चबांग बंदरात, धक्क्यावर मीटिंग झाली. आमच्या टूर ऑफिसच्या सुपावदी मॅडम म्हणाल्या, जहाज कंपनीला यंदा बस नंबर एकसाठी एकच कायमचा गाईड हवाय. महिनाभर प्रवाशांनी भरलेली अभिप्रायाची कार्डं बघणार, तीस तारखेला नाव सांगणार. बोलताना त्या सारख्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, पण घड्याळाकडे कोणी इतक्या आपुलकीनं बघत नाही.

अकरा वर्षं एक नंबरची पाटी माझ्या हातात आहे. जहाजातून प्रवासी उतरतात, शर्टावर नंबराचे स्टिकर चिकटवतात आणि एक नंबरवाले माझ्यामागून समुद्रकाठच्या लाकडी मंदिराला येतात. बाकीच्या बसेस आमच्या मागून. तीस तारीख म्हणजे निव्वळ फॉर्मॅलिटी.

दोन नंबरला नवा मुलगा दिलाय. तोन. तिकडे ईशान्येच्या रॉय एतकडचा, वय अठ्ठावीस, केसांना जेल. मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही.

संकल्प : तोनकडे बघायचं नाही.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
पहिलं जहाज. माझ्या बसमध्ये बेचाळीस प्रवासी. बंदर ते मंदिर मी सलग बोललो : सागवान, चार दिशांचे चार दरवाजे, मनुष्यजन्माचा अर्थ. सतरा जण गाढ झोपले. आवाजात गोडवा असल्याशिवाय परक्या देशात माणूस इतका निर्धास्त झोपत नाही.

मंदिरात शिरताना सगळ्यांना हेल्मेट देतात, कारण वर अजून काम चालू असतं. एका आजींनी विचारलं, हे पूर्ण कधी होणार? मी म्हणालो, पुढच्या मंगळवारी. हा जोक मी अकरा वर्षं सांगतोय. आजींनी डायरी काढून मंगळवारची नोंद केली.

तोन मला काका म्हणतो. आमचा ड्रायव्हर चुअप माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याला दादा म्हणतो, आणि मला काका! मी चुअपला विचारलं, माझ्यात काका दिसण्यासारखं आहे काय? चुअप म्हणाला, समोरून बघून सांगू की मागून?

(तोनकडे फक्त चार वेळा बघितलं.)

९ नोव्हेंबर
दुसरं जहाज. तोनला कुणीतरी तोच प्रश्न विचारला आणि तो म्हणाला, पुढच्या मंगळवारी. अख्खी बस हसली. एक जाडा गृहस्थ तर हसता हसता खांबाला टेकला. माझाच जोक, माझ्यादेखत! मी त्याला बाजूला घेऊन समज दिली. तो हात जोडून म्हणाला, काका, तुमच्याकडूनच शिकलो, किती भारी जोक आहे. म्हणजे चोरी कबूल.

आणखी एक. आत गेल्यावर हा माणूस बोलतच नाही. प्रवाशांना सांगतो, पंधरा मिनिटं नुसतं वर बघा, मी दाराशी आहे. याला आमच्या धंद्यात कामचुकारपणा म्हणतात. प्रवासी बाहेर आले तेव्हा दोन बायका डोळे पुसत होत्या. लाकडाचा भुसा उडतो आत, त्यानं होतं तसं.

घरी लमायला सांगितलं. लमाय म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, मग तुम्हीही पंधरा मिनिटं गप्प बसून बघा की, घरी सराव करा. बायकांना धंद्यातलं काही कळत नाही.

१२ नोव्हेंबर
लमायचं ऐकून नव्हे, स्वतःच्या विचारानं आज शांततेचा प्रयोग केला. मंदिरात जाऊन माईकमध्ये जाहीर केलं की आता शांतता. मग शांततेचं महत्त्व समजावून सांगितलं. बौद्ध दृष्टीनं, हिंदू दृष्टीनं आणि ब्लडप्रेशरच्या दृष्टीनं. त्यानंतर प्रत्यक्ष गप्प राहिलो, दोनेक मिनिटं. तेवढ्यात तिघांनी हेडफोन बिघडले म्हणून परत आणून दिले.

निष्कर्ष : शांतता या मंदिराला सूट होत नाही.

१६ नोव्हेंबर
खालच्या शेडमध्ये कोरीवकामाच्या बायका बसतात. आज बघतो तर तोनच्या प्रवाशांच्या हातात छिन्नी आणि लाकडी हातोडा! साईयुद मावशी, शेडमधल्या सगळ्यात जुन्या, एकेकाला हात धरून पाकळी कशी काढायची ते दाखवतायत. अकरा वर्षांत मावशींनी माझ्या एकाही प्रवाशाला छिन्नीला हात लावू दिलेला नाही.

मी विचारलं, मावशी, हा पक्षपात का? मावशींनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, अरे प्रयूर, तो पोरगा आधी आमच्याकडे बघतो, माझं नाव, माझ्या पोरींची नावं प्रवाशांना सांगतो. तू अकरा वर्षं आमच्याकडे पाठ करून उभा राहतोस आणि आमच्यावर भाषण देतोस. आम्हाला तुझा शर्ट पाठ झालाय.

मावशींना अलीकडे कमी ऐकू येतं.

तोनला रॉय एतहून आईचा फोन आला होता. तो शेडमागे उभा राहून सांगत होता, अगं, नक्की नाही अजून, पण एक नंबर मिळाला तर तुला इकडेच आणतो, खोली बघून ठेवलीय. मी ऐकत नव्हतो, हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो. पट्टा नीट करायला बराच वेळ लागला. माझी पाटी, आणि खोल्या हा बघतोय!

१९ नोव्हेंबर, सकाळी सहा
बंदराच्या पार्किंगच्या कोपऱ्यात जागेवाल्याचं, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाचं, खांबावरचं छोटं घर आहे. कुणी परीक्षेसाठी, कुणी लॉटरीसाठी, कुणी मुलासाठी तिथे नवस बोलतं. मी देवाला असल्या कामात ओढणारा माणूस नाही. पण समोरचा जर इतक्या खालच्या पातळीवर जाऊन चांगलं काम करत असेल तर आपणही काही केलं पाहिजे.

नऊ उदबत्त्या लावल्या. म्हणालो, हे जागेवाल्या, बस नंबर एक खरोखर लायक गाईडलाच मिळू दे. मिळाली तर नव्व्याण्णव उकडलेली अंडी आणि लाल सरबत.

मागे चुअप स्वतःच्या लॉटरीची उदबत्ती घेऊन उभा. म्हणाला, प्रयूर, नाव कुठे सांगितलंस? पूर्ण नाव, जन्मतारीख, घर नंबर, सगळं सांगावं लागतं रे. देवापुढे रोज किती अर्ज असतात, त्यानं कुणाचा कुठे लावायचा?

मी त्याला म्हणालो, रोज समोरून जातो, देव मला ओळखत नाही की काय? शिवाय स्वतःचं नाव न घेणं यालाच नम्रता म्हणतात. लायक म्हटल्यावर वेगळा पत्ता कशाला? चुअपनं खांदे उडवले आणि स्वतःचं नाव, जन्मतारीख, घर नंबर आणि बायकोचा मोबाईल नंबर देवाला सांगितला.

२३ नोव्हेंबर
शुभशकून. सकाळी पाल उजवीकडून चुकचुकली. एका प्रवाशानं माझ्यासोबत फोटो काढला. (नंतर कळलं की त्याला मागचा हत्ती हवा होता. तरी मी फोटोत आहे.)

सुपावदी मॅडमच्या टेबलावर कार्डांचे दोन गठ्ठे. दोन नंबरचा जाड. दोन नंबरचे प्रवासी बहुतेक फार तक्रारखोर.

तोनबरोबर मात्र आज अकरा जणांनी फोटो काढले. मोजण्याचा उद्देश नव्हता. परत जाताना जागेवाल्यासमोर थांबलो आणि अंड्यांचा आकडा एकशे नव्व्याण्णववर नेला. नाव आजही घेतलं नाही. एकदा नम्रता धरली की सोडायची नाही.

२७ नोव्हेंबर
आज किरकोळ घोटाळा झाला.

ठरवलं होतं की असं भाषण द्यायचं की कार्डावर जागा पुरणार नाही. चारही दरवाज्यांचा अर्थ पूर्ण सांगितला. चौथ्या दरवाज्याशी पोचेपर्यंत बाकीच्या बसेस निघून गेल्या होत्या. चुअप बाहेरून हॉर्नवर हॉर्न. मग सुखुमवित रोडला ट्रॅफिक. चुअप म्हणाला, जहाज सुटलं तर या बेचाळीस जणांना तुझ्या घरी झोपव, लमाय वहिनींना मी तोंड दाखवणार नाही. मागच्या सीटवर एक बाई रडायला लागली. मी माईकवरून धीर दिला, तर आणखी दोघी रडायला लागल्या.

धक्क्यावर पोचलो तर जहाजाच्या शिडीपाशी तोन. त्याची ड्यूटी तासाभरापूर्वी संपलेली. जहाजाच्या ऑफिसरला त्यानं बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं, दर पाच मिनिटांनी चुअपला फोन करून बस कुठपर्यंत आली ते विचारून त्याला सांगत होता. माझे प्रवासी धावत आले तर एका म्हाताऱ्याची व्हीलचेअर यानंच ढकलली. आणि मॅडमना म्हणाला, काकांचा दोष नाही, रस्त्यावर अपघात झाला होता.

कसला अपघात? मला वाचवायला धादांत खोटं! इतका राग आला की थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

माझ्या बेचाळीस प्रवाशांनी शिडीवरून कुणाला हात हलवले ते मी बघितलं नाही. त्याला हलवले.

३० नोव्हेंबर
इस्त्रीचा शर्ट. छोटंसं भाषण पाठ केलं होतं : हा मान माझा एकट्याचा नाही, वगैरे.

तोन. बस नंबर एक तोनला, कायमची. मला चार नंबर. चार नंबर शेवटची असते, तिच्यात गुडघेदुखीवाले असतात.

टाळ्या वाजत असताना मी हिशेब केला की देवाकडून चूक झाली. पण मी तोंड उघडायच्या आत चुअप उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, थांबा, एक गोष्ट तुम्हाला कुणाला माहीत नाही. आपला प्रयूर नवस बोलला होता. माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाला, लायक पोराला मिळू दे, माझं नाव नको. मी म्हटलं अरे नाव घे, तर म्हणतो, स्वतःचं नाव घ्यायचं नसतं.

सुपावदी मॅडमनी चष्मा काढून पुसला. तोन समोर येऊन खाली बसला आणि जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. म्हणाला, काका, तुमची पाटी, आणि तुम्ही माझ्यासाठी?

आता यावर मी काय म्हणणार होतो? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जेल लागलं हाताला.

२ डिसेंबर
ठरवलं, नवस फेडायचा नाही. माल दुसऱ्याच्या घरी पोचवला तर बिल मी का भरावं?

सकाळी मोटरसायकल पंक्चर. दुपारी न्हाणीघरात घसरलो. संध्याकाळी गिळता येईना, घशात माशाचा काटा. लमाय म्हणाली, काय बोलला होतात ते शब्द न शब्द सांगा. सांगितलं. ती इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. डोळे पुसत म्हणाली, देवानं तुमचं अक्षरशः ऐकलंय हो, गुमान अंडी फेडा. मी म्हणालो, मला न्याय हवाय. ती म्हणाली, न्यायच झालाय, तोच तर घशात अडकलाय.

काटा भात गिळल्यावर गेला. तरी धोका नको.

४ डिसेंबर
एकशे नव्व्याण्णव अंडी. लमायनं चार पातेली लावून उकडली. मला वाटलं होतं सकाळी लवकर जाऊन गुपचूप ठेवून येऊ. पार्किंगमध्ये सगळे गाईड, ड्रायव्हर, शेडमधल्या बायका घेऊन साईयुद मावशी, झाडून सगळे हजर. चुअपनं सांगितलं होतं. मावशी म्हणाल्या, प्रयूर, आज तुझं तोंड बघायला मिळालं, बरं दिसतं.

उदबत्त्या विझेपर्यंत थांबलो. मग अंडी प्रसाद म्हणून वाटली, मिरची आणि फिश सॉस लावून. तोननं पहिलं अंडं सोलून मला दिलं.

त्याची आई रात्रभर बसनं रॉय एतहून आली होती. बुटकी बाई, टोपलीत चिकट भात आणि सुकी मासळी. ती मला शोधत आली, माझा हात हातात घेतला आणि मनगटाला पांढरा दोरा बांधला, त्यांच्याकडे आशीर्वाद देताना बांधतात तसा. म्हणाली, भाऊ, नवरा गेल्यापासून या पोरासाठी फक्त मीच देवाकडे मागत होते. मला वाटायचं जगात दुसरं कुणी नाही त्याचं. तुम्ही स्वतःची भाकरी बाजूला ठेवून मागितलंत. मग ती माझ्या हातावर कपाळ टेकून रडली.

मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलं पण होतं. तोंडात अंडं होतं.

ती ज्या माणसाकडे बघत होती, तो मी नाही, मला तो कधी भेटलेलाही नाही. पण तोनचा महिनाभर जितका हेवा वाटला नाही, तितका आज त्या माणसाचा वाटला.

लमायनं दोरा बघितला आणि त्याची सैल गाठ घट्ट केली. तीन दिवस तो काढायचा नसतो म्हणतात.

उद्या जहाज आहे. बस नंबर चार.