दुसऱ्या कडव्याआधीचं व्हायोलिन

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर. खोलीत मात्र आठवडाभर एकच वाद चाललाय, सिनेमाचा सगळ्यात मोठा संगीतकार कोण? माझ्यासोबत राहणारा वेल्डर एकाचं नाव घेतो, ड्रायव्हर दुसऱ्याचं. कुणी हटत नाही.

काल मी वैतागून तुम्ही वाजवलेलं ते सिनेमाचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याआधीचं व्हायोलिन आलं तेव्हा म्हटलं, "हे माझे बाबा. नाव कुठेच छापलेलं नाही." वेल्डरने तेवढाच तुकडा चारदा ऐकला. "अजून वाजवतात?" मी हो म्हणालो.

आई सांगते, हात थरथरतो म्हणून तुम्ही व्हायोलिन माळ्यावर टाकलंत. खरं का? ऐकल्यापासून माझं कामात लक्षच लागत नाही.

रविवारी फोन करतो. सगळे ऐकायला बसणार आहेत. बेसूर चालेल, पण मला खोटं पाडू नका.

तुमचा,
धाकटा