इव्हान अजून-एक

कार्डिफ
सोमवार, ४ मार्च १९६८

चि. एम्रिस यास नेस्टाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तार शनिवारी पोचली. बाबा झोपेतच गेले हे वाचून थोडा धीर आला, पण मला लगेच निघता येत नाही याने जीव नुसता तळमळतोय. माझ्या सियानला गोवर निघालाय. तिच्या बाबांचं जहाज गुरुवारी धक्क्याला लागेल. ते आले की तिला त्यांच्या हवाली करून शुक्रवारच्या गाडीने येतेच.

तू एकटा कुठे कुठे धावणार, म्हणून साप्ताहिकाकडे निधनाची सूचना मीच पाठवून दिली आहे. इव्हान जोन्स, वय एकोणऐंशी, खाणीतले जुने कामगार, अंत्यविधी शनिवारी दोन वाजता चॅपेलमध्ये. पत्ता घातला नाही. एवढ्याशा गावात पत्ता कशाला?

आणि एक मुद्दाम सांगते. ते मेलं टोपणनाव मी त्यात घातलेलं नाही. थडग्याच्या शिळेवरही तू ते कोरायचं नाहीस. बाबांची शिळा तुझ्याच छिन्नीखालून निघणार याचा मला फार अभिमान आहे, पण माणूस गेल्यावर तरी त्याला अब्रूने राहू दे. इव्हान जोन्स, एवढंच. रागावू नकोस आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
नेस्टाताई

*

पेंत्रे-लास
बुधवार, ६ मार्च

ती. ताईस एम्रिसचा शि. सा. नमस्कार वि. वि.

घरात सुतक असताना हसू नये म्हणतात, पण ताई, आज सकाळी मी चुलीपाशी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हे सगळं तुझ्या सूचनेमुळे.

अगं, आपल्या गावात इव्हान जोन्स किती? पोस्टमनच्या मोजणीने अकरा. इव्हान पाऊस, ज्याचा हवामानाचा अंदाज कधी खरा ठरत नाही. इव्हान अमेरिका, जो अमेरिकेला म्हणून निघाला आणि लिव्हरपूलहून तिसऱ्या दिवशी परत आला. चॅपेलच्या घड्याळाला किल्ली देणारा इव्हान घड्याळ. ‘अजून-एक’ गेला, म्हणजे आपले बाबा गेले, हे शनिवारीच गावभर झालं होतं. पण तो इव्हान जोन्स होता, हे निम्म्या गावाला माहीतच नव्हतं! साप्ताहिक आलं तशी लोकांची समजूत झाली की चार दिवसांत गावात दुसरा माणूस गेला. घड्याळही एकोणऐंशीचा, एकटा राहणारा आणि रविवारपासून खोकल्याने अंथरुणाला खिळलेला. झालं! नऊ वाजता कॅट्रिनमावशी प्रॉबर्ट काळी टोपी घालून, मनुकांचा बारा-ब्रिथ पाव घेऊन त्याच्या दारात हजर. दार उघडलं ते मयतानेच. मावशी म्हणे मटकन पायरीवरच बसल्या. पाठोपाठ आणखी तिघी आल्या. घड्याळ सांगतो की आपण इतके सज्जन होतो हे आपल्याला एकोणऐंशी वर्षांत कुणी कळू दिलं नव्हतं, आणि पाव परत मागू नका म्हणावं, दोन कापा पोटात गेल्यात.

पण खरी अडचण पुढेच आहे. डोंगरापलीकडे राहायला गेलेले खाणीतले बाबांचे जुने सोबती फक्त ते साप्ताहिकच वाचतात. ते म्हणणार, असेल कुणी जोन्स. ते आले नाहीत तर चॅपेलमध्ये खर्जाचा सूर कोण लावणार? चार सुरांतल्या गाण्याशिवाय बाबांना पोचवायचं? माझ्याने होणार नाही. म्हणून तुला न विचारता मी घड्याळला दुधाच्या गाडीवर बसवून पलीकडे धाडलं. घरोघरी जाऊन त्याने सांगायचं की ‘अजून-एक’ गेला. खोकत खोकत गेला बिचारा. म्हणाला, आपण जिवंत आहोत हे चार लोकांना दाखवूनही होईल.

शिळा माझ्या कामाच्या चौथऱ्यावर चढवून ठेवली आहे. नावाला हात लावलेला नाही. तू येईपर्यंत थांबतो.

धाकट्यावर माया असू दे,
एम्रिस

*

कार्डिफ
गुरुवार, ७ मार्च

चि. एम्रिस यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मीही हसले, मग स्वतःचाच राग आला. पत्ता न घालण्याचा शहाणपणा माझाच. घड्याळला धाडलंस ते बरोबर केलंस. मी उद्या येते आहे, पण हे पत्र माझ्याआधी तुला मिळावं. समोरासमोर आपण भांडू, म्हणून लिहून टाकते.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. चॅपेलच्या वार्षिक चहाला लांबलचक टेबल मांडायचे. प्रत्येक घरचा केक त्या त्या बाईच्या बशीत. तिथे आपले बाबा तीन कापा खाऊन चौथीला हात पुढे करायचे आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने अजून एक मागायचे. मी मान खाली घालून देवाची करुणा भाकायची की आज तरी नको. सोमवारी शाळेत मुलं माझं पोट मोजायला यायची. मी ‘नेस्टा अजून-एक’ होते, एम्रिस. कार्डिफला नोकरी लागली तेव्हा पगाराहून जास्त आनंद याचा झाला की इथे मी नुसती मिस जोन्स होते.

म्हणून शिळेवर नको. एवढं माझं ऐक.

तुझी,
नेस्टाताई

*

कार्डिफ
मंगळवार, १२ मार्च

चि. एम्रिस यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचले. सियानचा ताप उतरला. चॅपेलमधलं ते गाणं अजून कानांत आहे. पलीकडच्या चौतीस म्हाताऱ्यांनी तो खर्ज लावला तेव्हा बाकांच्या फळ्यासुद्धा थरथरल्या. दफनानंतर तू त्यांना गाडीवर बसवून द्यायला गेलास, तेव्हा चॅपेलच्या मागच्या खोलीत चहाच्या वेळी काय झालं ते तुला ठाऊक नाही. तिथे असताना माझ्याने बोलवलं नाही.

मी इथून भाजून नेलेला केक तुला आठवतो ना? आजारी पोरीपाशी बसून केलेला, खालून करपलेला. तो मी बशीत मांडला आणि चहा ओतत उभी राहिले. सगळ्या बश्या रिकाम्या होत गेल्या. माझी तशीच. इव्हान पाऊसने एक काप उचलली, कोपरा चावला आणि हळूच खिडकीत ठेवून दिली. या वयात, बापाच्या दिवशी, एका केकसाठी माझे कान तापले. बशी एप्रनआड लपवायचा काही उपाय असता तर लपवली असती, इतकी लाज वाटली.

कॅट्रिनमावशींनी ते पाहिलं. जवळ येऊन हळू आवाजात त्यांनी सांगितलं की लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांचा केक आपल्या खाणीतल्या दगडासारखा झाला होता. कुणी शिवेना. नवऱ्याचं तोंड उतरलं, सासू दुसरीकडे बघत होती. तेवढ्यात तुझा बाप आला, म्हणाल्या. तीन कापा खाल्ल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी अजून एक मागितली. मग बाकीचेही आले. त्यानंतर दर वर्षी ज्या बशीला कुणी हात लावलेला नसे, तिथे तो जाऊन उभा राहायचा. हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ते नाव पाडलं तेही बायकांनीच. त्याला मात्र कुणी कळू दिलं नाही की आपल्याला कळलंय. मग त्यांनी मला विचारलं की घरी बापाला कधी गोड खाताना पाहिलंस का गं?

एम्रिस, नाही पाहिलं. चहात साखर नसायची. वाढदिवसाचा त्यांचा वाटासुद्धा तुझ्या-माझ्या बशीत यायचा आणि आपण तो खाण्यात इतके गुंग असायचो की कधी विचारलं नाही. केवढा माणूस आपल्या घरात वावरत होता, आणि मी त्याची लाज वाटून चाळीस वर्षं मान खाली घातली.

मी पुन्हा माझ्या बशीकडे पाहिलं. ती तशीच भरलेली होती. ती रिकामी करणाऱ्याला आपण तासाभरापूर्वी पोचवून आलो होतो. तिथे किटली हातात घेऊन मी जी रडायला लागले, ती कॅट्रिनमावशींच्या खांद्यावरच थांबले.

आता ऐक, आणि या वेळी वाद नको. इव्हान जोन्स बारीक अक्षरांत कोर; ते अकरा जणांचं नाव आहे. त्याखाली ‘अजून-एक’ इतक्या ठळक अक्षरांत कोर की फाटकाबाहेरूनही वाचता यावं.

माझी दटावणी पोटात घाल आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नेस्टाताई